जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातला मराठी मजकूर बाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की छापखाने, लहान प्रकाशन संस्था, शाळा आणि सार्वजनिक वाचनालये यांच्या माळ्यावरचे जुने संगणक भंगारवाल्याकडे जातात. फ्लॉप्यांचा डबा मात्र ‘जागा किती लागते त्याला’ म्हणून कपाटात राहतो. नुकसान नेमके इथेच होते. फ्लॉपीवर नुसती फाइल असते. ती वाचणारा ड्राइव्ह, ती उघडणारा प्रोग्राम, त्या प्रोग्रामचे प्रिंटर पोर्टला लावायचे लॉक आणि अक्षरे दाखवणारा फॉन्ट हे सगळे त्या धूळ खाणाऱ्या सीपीयूत असते. सीपीयू गेला की उरलेला डबा उघडणे अनेक पटींनी कठीण होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून युनिकोड हे सर्व लिप्यांचे सामायिक मानक रुळेपर्यंत संगणकावर जुळवलेला बहुतेक मराठी मजकूर, म्हणजे दिवाळी अंक, स्मरणिका, प्रबंध, शब्दकोशांची कच्ची टिपणे, असल्याच यंत्रांमध्ये अडकलेला आहे. तो बाहेर काढायची रीत ठाऊक असणाऱ्यांनी ती लिहून ठेवायला हवी, म्हणून हे लांबलेले पत्र.

पहिली गोष्ट, बंद पडून दहा-वीस वर्षे झालेल्या संगणकाचे बटण उत्साहाने दाबू नका. आधी झाकण उघडा. २८६ ते ४८६ या प्रोसेसरांच्या काळातल्या अनेक मदरबोर्डवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते आणि भोवतालचे तांब्याचे मार्ग हिरवे होऊन खाल्ले जातात. ती कापून काढावी, डागांवर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बोर्ड दिवसभर वाळू द्यावा. गळतीचा माल अल्कधर्मी असतो, म्हणून व्हिनेगर. पॉवर सप्लायच्या मागे ११५ आणि २३० असे लाल बटण असेल तर ते २३०वर आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. ११५वर राहिले तर पहिल्याच क्षणी धूर निघतो.

बॅटरी मेलेली असली की बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, स्मृती पुसली जाते आणि हार्ड डिस्क कोणत्या प्रकारची आहे हेच यंत्राला आठवत नाही. पडद्यावर डिस्क नसल्याची तक्रार येते आणि लोक ती डिस्क ‘गेली’ असे समजून टाकून देतात. बहुतेक वेळा ती ठणठणीत असते. डिस्कच्या लेबलवर सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तीन आकडे असतात. उदाहरणार्थ, सीगेटच्या एसटी-२२५ या २० एमबी डिस्कचे ६१५, ४ आणि १७. बायोसच्या सेटअपमध्ये तेच आकडे भरायचे. छापील यादीत तसा प्रकार नसेल तर बऱ्याच बायोसमध्ये ४७ क्रमांकाचा, स्वतः आकडे भरण्याचा प्रकार असतो. आकडे चुकले तर डिरेक्टरीत कचरा दिसतो. कचरा दिसला तर काही लिहू नका, दुरुस्तीचा कोणताही प्रोग्राम चालवू नका. यंत्र बंद करा आणि आकडे तपासा. संगणक अजून सुरू होत असेल तर बॅटरीला हात लावण्याआधी सेटअपच्या पडद्याचा फोटो काढून ठेवावा.

जुनी डिस्क कधीकधी एकदाच चालू होते. म्हणून सुरू करण्याआधी उतरवून घेण्याची सगळी तयारी झालेली असावी आणि काय आधी घ्यायचे हे ठरलेले असावे. आधी मजकुराच्या फायली, मग फॉन्ट, मग पानांच्या मांडणीच्या फायली. चित्रे शेवटी, कारण ती बहुधा छापील प्रतीवरून पुन्हा स्कॅन करता येतात.

आता फ्लॉप्या. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळतो. तो पीसीच्या १.४४ एमबी आणि बहुतेक वेळा ७२० केबीच्या फ्लॉप्या वाचतो. फ्लॉपी आत घालण्याआधी कोपऱ्यातली खिटी सरकवून छिद्र उघडे करा. छिद्र उघडे असताना तिच्यावर लिहिता येत नाही. सव्वापाच इंचीला उलटे असते, तिथे कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी लागते. ही काळजी वाटते तितकी फुकटची नाही. विंडोज ९५ आणि ९८ हे अशी काळजी न घेतलेल्या फ्लॉपीच्या पहिल्याच सेक्टरमध्ये न विचारता स्वतःची खूण लिहितात. आजचे विंडोज वाचता न आलेल्या फ्लॉपीला ‘फॉरमॅट करायची का?’ असे विचारते आणि सवयीने हो म्हटले जाते.

फ्लॉपीवरून एकेक फाइल कॉपी करत बसू नये. आधी संपूर्ण फ्लॉपीची सेक्टरबरहुकूम प्रतिमा घ्यावी, म्हणजे तिच्यावरचे सगळे जसेच्या तसे एका फाइलमध्ये उतरवावे. लिनक्सवर यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम उत्तम. तो आधी चांगले सेक्टर उचलतो, खराब जागा एका नकाशा-फाइलमध्ये नोंदवतो आणि नंतर फक्त तेवढ्यांवर पुन्हा प्रयत्न करतो. तीच फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून त्याच नकाशावर पुढे काम करता येते. एका ड्राइव्हला न वाचलेले सेक्टर दुसऱ्याला वाचता येणे ही नेहमीची गोष्ट आहे, कारण दोघांच्या हेडची रेषा किंचित वेगळी असते. प्रतिमा पूर्ण आली की तिचा आकार पाहावा. १.४४ एमबीची बरोबर १४,७४,५६० बाइट, ७२० केबीची ७,३७,२८०, सव्वापाच इंची १.२ एमबीची १२,२८,८०० आणि ३६० केबीची ३,६८,६४०. आकडा जुळला नाही तर काम पुरे झालेले नाही. आतल्या फायली नंतर सेव्हन-झिपनेही काढता येतात आणि मूळ फ्लॉपीला पुन्हा हात लावावा लागत नाही.

सव्वापाच इंचीचा प्रश्न वेगळा. तिच्यासाठी यूएसबीचे तयार ड्राइव्ह नाहीत आणि आजच्या मदरबोर्डवर फ्लॉपीची ३४ पिनांची जागाही नाही. इथे जुन्या सीपीयूतला ड्राइव्हच उपयोगी पडतो. तो काढून ग्रीझवीझल नावाच्या छोट्या बोर्डाला ३४ पिनांच्या रिबन केबलने जोडायचा आणि बोर्ड यूएसबीने नव्या संगणकाला. ड्राइव्हला ५ आणि १२ अशा दोन्ही व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, यूएसबीवर तो चालत नाही. हा बोर्ड सेक्टरऐवजी चुंबकीय बदलांची मूळ नोंदच घेतो, म्हणून तो जवळपास कोणत्याही यंत्राची फ्लॉपी उचलतो. १९८४च्या क्लास या संगणक-शिक्षणाच्या योजनेत शाळांना मिळालेल्या बीबीसी मायक्रो संगणकांच्या फ्लॉप्या एकेरी घनतेच्या असतात, त्या बऱ्याच पीसींच्या कंट्रोलरला वाचता येत नाहीत. या बोर्डाने त्या निघतात.

३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचायला हरकत नाही, लिहू मात्र नये. त्या ड्राइव्हचे हेड अरुंद असते. ते जुन्या रुंद पट्ट्याच्या मधोमध लिहिते आणि कडांना जुना मजकूर तसाच राहतो. मग मूळ ३६० केबीच्या ड्राइव्हला नवे-जुने एकदम वाचायला मिळते आणि काहीच धड कळत नाही.

मुंबई आणि कोकणातल्या फ्लॉप्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. पावसाळ्यांनी त्यांच्यावर बुरशी चढलेली असते. सव्वापाच इंची तबकडी मधल्या भोकात बोट घालून हलके फिरवा आणि खिडकीतून उजेडात तिरपी धरून पाहा. साडेतीन इंचीचे पत्र्याचे झाकण सरकवून मागच्या धातूच्या चकतीने फिरवा. पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडला चिकटते, हेड पुढच्या सगळ्या फ्लॉप्या खरवडते. सव्वापाच इंचीच्या वेष्टणाची एक कड ब्लेडने उघडून तबकडी बाहेर काढता येते. कापसाच्या काडीने ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, दाब न देता पुसावी, वाळवावी आणि दुसऱ्या स्वच्छ वेष्टणात घालून लगेच प्रतिमा घ्यावी. हे करताना तोंडाला मास्क असू द्या. वाचताना किर्र आवाज आला तर तत्क्षणी थांबा. तबकडीवर गोल चकचकीत रेघ उमटली असेल तर तिथला लेप निघून गेलेला असतो आणि तो पट्टा कोणालाच परत आणता येत नाही. प्रत्येक मळकट फ्लॉपीनंतर हेड पुसणे कंटाळवाणे असले तरी चुकवू नये. वरचे हेड नाजूक पट्टीवर लोंबते, ते उचलताना वाकवू नका.

मॅकवर काम करणाऱ्या डीटीपीवाल्यांसाठी, म्हणजे संगणकावर पाने जुळवणाऱ्यांसाठी, दोन सूचना. ४०० आणि ८०० केबीच्या मॅक फ्लॉप्या फिरण्याचा वेग बदलत लिहिल्या जातात, त्यामुळे यूएसबी ड्राइव्हला त्या कधीच दिसणार नाहीत. १.४४च्या वाचल्या जातात, पण त्यांची एचएफएस ही जुनी रचना मॅकओएसने २०१९च्या कॅटलिनापासून ओळखणे सोडले आहे. तिथे प्रतिमा घेऊन एचएफएस एक्सप्लोररसारख्या प्रोग्रामने फायली काढाव्यात. दुसरे म्हणजे, जुन्या मॅकच्या फाइलला दोन भाग असतात आणि फॉन्टची सगळी माहिती त्यातल्या दुसऱ्या भागात असते. तो फॉन्ट सरळ पेनड्राइव्हवर टाकला तर शून्य बाइटची फाइल हाती येते. म्हणून जुन्या मॅकवरच स्टफइट किंवा बिनहेक्समध्ये बांधून मग हलवावा.

हार्ड डिस्ककडे वळू. ४० पिनांची आयडीई डिस्क असेल तर यूएसबी अडॅप्टर लावून नव्या संगणकावर प्रतिमा घेणे सर्वांत सोपे. जम्पर ‘मास्टर’वर किंवा ‘सिंगल’वर ठेवा. विंडोजला ही डिस्क जोडली की ते तिच्यावर स्वतःचे फोल्डर तयार करू शकते, म्हणून हे काम लिनक्सवर, डिस्क माउंट न करता, म्हणजे तिच्यावरच्या फायली उघडू न देता करावे. साधारण ५०० एमबीच्या आतल्या सुरुवातीच्या बऱ्याच डिस्कना एलबीए ही पत्ता सांगण्याची पद्धत कळत नाही आणि अडॅप्टरला दुसरी ठाऊक नसते. अशी डिस्क फिरते, दिवा लागतो, पण संगणकाला ती दिसत नाही. ती बिघडलेली नसते, अडॅप्टर तिच्या कामाचा नसतो इतकेच.

अशा वेळी उलटा मार्ग धरावा. डिस्क मूळ संगणकातच राहू द्यावी आणि तिच्या सोबतीला कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवावे. हे कार्ड विजेच्या दृष्टीने आयडीई डिस्कच असते, मध्ये फक्त पिना जुळवणारा स्वस्त अडॅप्टर लागतो. केबलची लाल कड एक क्रमांकाच्या पिनेकडे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या फार जुन्या डिस्क एका केबलवर नांदत नाहीत, कार्डाच्या बाबतीतही तसे झाले तर दुसऱ्या आयडीई केबलवर ते एकटे लावावे. कार्डाची विभागणी जुन्याच संगणकावर डॉस या विंडोजपूर्व प्रणालीतल्या एफडिस्कने करावी, कारण नव्या संगणकावर केलेली विभागणी जुन्या बायोसला वेगळ्याच मापाची वाटते. विभाग २ जीबीच्या आत ठेवावा, बायोस जुना असेल तर ५०४ एमबीच्या आत.

एफडिस्क उघडल्यावर मात्र हात आवरून घ्या. वरच्या ओळीत चालू डिस्कचा क्रमांक १ दिसतो, आणि ती तुमची मौल्यवान डिस्क असते. पाचवा पर्याय निवडून डिस्क २वर गेल्याशिवाय दुसरे काहीही दाबू नये. पुढची मेख ड्राइव्हच्या अक्षरांची. डॉस आधी सगळ्या डिस्कच्या प्राथमिक विभागांना अक्षरे वाटते, लॉजिकल विभागांना नंतर. मूळ डिस्कवर सी आणि डी असतील आणि कार्डावर तुम्ही प्राथमिक विभाग केला तर कार्ड डी होते आणि तुमचा जुना डी आता ई होतो. सवयीने ‘डी फॉरमॅट कर’ आणि ‘डीवरून कॉपी कर’ या दोन्ही आज्ञा चुकीच्या जागी जातात. कार्डावर फक्त विस्तारित आणि त्यात लॉजिकल विभाग करावा, म्हणजे त्याचे अक्षर सर्वांत शेवटी येते आणि जुनी अक्षरे जागची हलत नाहीत. कॉपी झाली की कार्ड काढून साध्या कार्ड रीडरमध्ये घाला.

आयडीईच्या आधीच्या, दोन रिबन केबलच्या एमएफएम डिस्कना हेही चालत नाही. त्या स्वतःच्या कंट्रोलर कार्डाशी बांधलेल्या असतात आणि दुसऱ्या जातीच्या कंट्रोलरवर सहसा वाचल्या जात नाहीत. तिथे उरतो सीरियल पोर्ट, म्हणजे जुना आणि नवा संगणक केबलने थेट जोडण्याचा मार्ग.

सीरियल पोर्ट ९ किंवा २५ पिनांचा आणि संगणकाच्या बाजूने नर असतो. २५ छिद्रांचा मादी पोर्ट प्रिंटरचा, त्यात ही केबल खुपसू नये. लागते ती नल-मॉडेम केबल. दोन्हीकडे ९ पिना असतील तर २ आणि ३ एकमेकांत उलट, ५ला ५, ७ आणि ८ उलट, आणि ४ समोरच्या ६ला, दोन्ही बाजूंनी. एकीकडे २५ आणि दुसरीकडे ९ असतील तर २ला २, ३ला ३ आणि २५वाल्याची ७ दुसरीकडच्या ५ला. क्रमांक सरळ दिसले तरी तारा उलटच आहेत, कारण दोन्ही पोर्टांत २ आणि ३ची कामे अदलाबदल झालेली असतात. नव्या संगणकाला यूएसबी-सीरियल केबल लागेल. ती आरएस-२३२ची हवी. सर्किटच्या छंदासाठी मिळणारे, कमी व्होल्टवर चालणारे टीटीएलचे स्वस्त बोर्ड सरळ जोडले तर जळतात. प्रोलिफिकच्या नकली चिपच्या केबलही बाजारात फार आहेत आणि नवे ड्रायव्हर त्यांना चालू देत नाहीत. एफटीडीआयची खात्रीची केबल घ्यावी.

जुन्या इमारतींत अर्थिंग नीट नसते, संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. अशा दोन यंत्रांमध्ये चालू अवस्थेत केबल जोडली तर पोर्टचा बळी जातो. दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, आधी केबल जोडा, मग वीज.

डॉस ६मधले इंटरलिंक हे फायली पाठवण्याचे साधन दोन्हीकडे डॉस असेल तरच कामाचे. नव्या विंडोजशी बोलायला जुन्या बाजूला एमएस-डॉस कर्मिट आणि नव्या बाजूला टेरा टर्म हे फायली पाठवणाऱ्या प्रोग्रामांचे जोडपे भरवशाचे आहे. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी (तपासणीचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट. या वेगाने सेकंदाला ९६० बाइट जातात, म्हणजे ५०० केबीची कादंबरी नऊ मिनिटांत आणि २० एमबीची पूर्ण डिस्क सहा तासांत. १,१५,२०० वेग ठेवला तर तीच डिस्क अर्ध्या तासात होते, पण जुन्या पोर्टची ८२५० चिप एका वेळी एकच बाइट धरून ठेवते. प्रोसेसर तो उचलायला पोचण्याआधी दुसरा येऊन आदळतो. १६ बाइटची साठवण असलेली १६५५०ए चिप असेल तरच मोठ्या वेगाला जावे. पाठवण्याआधी पीकेझिपने फायली बांधल्या तर मजकूर निम्म्याहून लहान होतो, मूळ तारखा टिकतात आणि पोचल्यावर सीआरसीची, म्हणजे वाटेत काही बिघडले का याची, तपासणी आपोआप होते. ही झिप मात्र मूळ डिस्कवर बनवू नका, कोऱ्या फ्लॉपीवर बनवा.

मराठी मजकुराचा खरा घात इथे होतो, तो दोन ठिकाणी. कर्मिटमध्ये फाइलचा प्रकार ‘बायनरी’ ठेवला नाही तर वाटेत ओळींच्या खुणा बदलल्या जातात. त्याहून वाईट म्हणजे सात बिट आणि पॅरिटीची जुनी सेटिंग तशीच राहिली तर आठवा बिट कापला जातो. इंग्रजी मजकुराला काही होत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही. पण इस्की या भारतीय मानकात देवनागरी अक्षरे १६१च्या पुढे आहेत. १९९१च्या मानकाप्रमाणे ‘क’चा क्रमांक १७९. त्यातून १२८ गेले की ५१ उरतात, आणि ५१ म्हणजे इंग्रजी ३चा आकडा. ‘म’चे एल होते, ‘र’चे ओ होते, कान्याचे झेड होते. मूळ मजकुरात इंग्रजी शब्द आणि आकडे मिसळलेले असतील तर खरा ३ कोणता आणि ‘क’ कोणता हे नंतर सांगता येत नाही. पहिली फाइल पोचली की लगेच उघडून पाहावी, सगळा डबा रिकामा झाल्यावर पाहू नये.

इस्कीतल्या फायली मुख्यतः जिस्ट कार्डाच्या काळातल्या. आयआयटी कानपूरमधून निघालेले हे तंत्र पुण्याच्या सी-डॅकने १९८८पासून पुढे नेले. कार्ड स्लॉटमध्ये बसवले की वर्डस्टार, डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्राममध्येच देवनागरी दिसू लागे. कार्ड नसलेल्या संगणकावर तीच फाइल परदेशी अक्षरे आणि रेघांची खिचडी दिसते. इस्की युनिकोडमध्ये नेणे तुलनेने सोपे आहे, कारण दोन्हीकडे अक्षरे उच्चाराच्या क्रमाने येतात. विंडोजमध्ये इस्की देवनागरीसाठी ५७००२ हे कोडपेज आहे, आयसीयू या मुक्त संग्रहातही इस्कीचे रूपांतर आहे. मात्र १९९१च्या मानकाखेरीज १९८८ची मांडणी आणि पीसीसाठी वेगळी बसवलेली मांडणीही वापरात होती. सगळी फाइल ढकलण्याआधी दोन-चार ओळी छापील प्रतीशी ताडून पाहाव्यात.

रूपांतरानंतर सर्वांत आधी ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांना’ असे शब्द शोधावेत. हिंदीला डोळ्यांसमोर ठेवून केलेली रूपांतरे ‘ऱ’ आणि ‘र’ यांत फरक करत नाहीत आणि ‘दुसर्या’ असे लिहून मोकळी होतात. ‘ॲ’चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधीच्या तक्त्यांमध्ये त्याच्या जागी ‘ऍ’ येते. हे दोन शोध-बदल केले तरी मुद्रितशोधकाचे निम्मे काम हलके होते.

श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या मराठी टंकनाच्या प्रणालींतल्या फायलींचे दुखणे याहून अवघड. तिथे बाइट म्हणजे अक्षर नसून अक्षराचा तुकडा आहे. दंड वेगळा, अर्धा ‘क’ वेगळा. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. म्हणून फॉन्टचे नेमके नाव आणि आवृत्ती माहीत असल्याशिवाय रूपांतर करताच येत नाही. हा मजकूर नव्या वर्डमध्ये चिकटवताना ऑटोकरेक्ट आधी बंद करा. वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करायची त्याची सवय इथे ‘क’चे भलतेच काही करून टाकते आणि सरळ अवतरणचिन्हे वळवली की एखादी मात्राच बदलते. चाचणीसाठी क्ष, ज्ञ, श्र, त्र, ट्ट, द्ध, द्य, ह्म, रु, रू, र्क, कॅ, कॉ हे सगळे येणारा एक परिच्छेद निवडावा. रूपांतर झालेल्या मजकुरात टिंबांच्या वर्तुळावर बसलेली एकटी मात्रा दिसली तर क्रम कुठेतरी चुकला आहे.

या प्रणालींचे लॉक नव्या संगणकाला लावायला बहुधा पोर्टच नसतो. म्हणून जुने यंत्र चालते आहे तोवर दोन गोष्टी उरकाव्यात. मजकूर त्याच प्रोग्राममधून टेक्स्ट किंवा आरटीएफमध्ये बाहेर काढावा. आणि पानांसाठी विंडोजमध्ये ॲपल लेसररायटरसारखा पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी भाषा) प्रिंटर बसवून त्याचे पोर्ट ‘फाइल’ ठेवावे, फॉन्ट सोबत पाठवण्याचा पर्याय निवडावा आणि पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्राममधून छापावे. तयार झालेल्या फाइलचे नव्या संगणकावर घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ होते. पान जसे छापले होते तसे राहते, लॉकची गरज संपते. नुसत्या पेजमेकर फायली उरल्या असतील तर ६.० ते ७ या आवृत्त्यांच्या फायली इनडिझाइन सीएस६पर्यंत उघडत होत्या, पुढे ते बंद झाले. लिबरऑफिस ड्रॉ त्यांतल्या बऱ्याच उघडते, मांडणी थोडी हलते.

शेवटी एक मागणी, आणि ती आपल्या वृत्तपत्राने उचलून धरावी. मराठी फॉन्ट आणि लिपी-प्रणाली बनवणाऱ्या कंपन्यांनी, तसेच सी-डॅकने, विक्रीतून बाद झालेल्या आपल्या सगळ्या जुन्या फॉन्टची कोष्टके जाहीर करावीत. कोणत्या क्रमांकावर कोणता तुकडा आहे, एवढेच. ज्यांनी तेव्हा पैसे मोजून प्रत घेतली त्यांना जुनी आवृत्ती लॉकशिवाय चालवण्याची लेखी मुभाही द्यावी. कोष्टकासाठी ना नवे सॉफ्टवेअर लागते ना अनुदान. आठ बिटांच्या फॉन्टमध्ये २५६पेक्षा जास्त चिन्हे बसतच नाहीत, म्हणजे प्रत्येक फॉन्टमागे फार तर २५६ ओळींची एक साधी टेक्स्ट फाइल.

आपला नम्र,
डीटीपी व्यवसायातील एक वाचक, पुणे